किंगडम कम डिलिव्हरन्स २ : फक्त चिलखतासाठी लिहिलेला रिव्ह्यू

स्टोरी कशी आहे, ग्राफिक्स कसे आहेत, कुठलं ग्राफिक कार्ड लागतं ह्यावर ढीगभर रिव्ह्यू आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते चिलखतावर. पुण्यात किल्ले, शस्त्रं, मर्दानी खेळ ह्यावर तासन्‌तास बोलणारी माणसं पेठापेठात आहेत, गेमिंगवाली पोरंही काही कमी नाहीत, पण मध्ययुगीन चिलखत गेममध्ये कितपत खरं दाखवलंय यावर मराठीत सविस्तर असं काही माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून लिहितोय. थोडं लांबेल.

ज्यांना गेम माहीतच नाही त्यांच्यासाठी: प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजने बनवलाय, पहिला भाग फेब्रुवारी २०१८ ला आला आणि हा दुसरा ४ फेब्रुवारी २०२५ ला, पीसी, पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर. काळ इ.स. १४०३, जागा बोहेमिया म्हणजे आजचं चेक प्रजासत्ताक. राजा चौथा वेन्सेस्लास ह्याला त्याच्याच सावत्र भावाने, हंगेरीच्या सिगिस्मंडने, कैद केलंय आणि मुलुखात गोंधळ माजलाय. तुम्ही हेन्री, एका लोहाराचा पोरगा. ड्रॅगन नाही, जादू नाही, आगीचे गोळे नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चिलखत अंगावर कसं बसतं, थर कुठल्या क्रमाने येतात, कुठला थर कशासाठी असतो, हे आजवर मी खेळलेल्या कुठल्याही गेमपेक्षा ह्यात जास्त प्रामाणिकपणे केलंय. तलवार आणि पत्रा समोरासमोर आले की मात्र गेम जरा ढिला पडतो. दोन्हीबद्दल खाली सांगतो.

आमच्या पिढीचं चिलखताचं शिक्षण झालं एज ऑफ एम्पायर्स २ मधून. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळायचो, तो गेम १९९९ चा. त्यात ब्लॅकस्मिथ बांधला की पायदळासाठी आधी स्केल मेल (खवल्यांचं), मग चेन मेल (कड्यांचं), मग प्लेट मेल (पत्र्याचं) असा एकेक अपग्रेड घ्यायचा. गेम म्हणून अजूनही जबरदस्त, पण डोक्यात एक गोष्ट कायमची बसली की चिलखताची शिडी असते, वरची पायरी चढलात की खालची सुटते, चेन मेल जुनं झालं, फेकून द्या, आता पत्रा घाला. नंतर आलेल्या शेकडो गेम्सनी हेच केलं, लेदर मग चेन मग प्लेट, प्रत्येकाचा एक आकडा आणि मोठा आकडा चांगला.

प्रत्यक्षात असं कधीच नव्हतं. १४०० च्या आसपासचा श्रीमंत योद्धा घेतला तर त्याच्या अंगावर सगळ्यात आत तागाचा सदरा, त्यावर गॅम्बेसन म्हणजे जाड रजईसारखा शिवलेला कोट, त्यावर कड्यांचं चिलखत, त्यावर छातीचा पत्रा किंवा आतून पत्रे ठोकलेला कोट, आणि वर स्वतःच्या रंगांचा कापडी अंगरखा. सगळं एकाच वेळी. पत्रा आला म्हणून कड्या गेल्या नाहीत, कारण काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला, मानेखाली पत्रा वाकत नाही, तिथे कड्याच लागतात. किंगडम कमने नेमकं हेच उचललंय आणि गेमच्या मेनूतच मांडलंय: डोक्यावर आधी भरलेली टोपी, मग कड्यांची टोपी, मग हेल्मेट; अंगावर आधी जाड कोट, मग कड्या, मग पत्रा, मग वरचा कोट; हात आणि पाय परत वेगळे. प्रत्येक कपड्याला तीन वेगवेगळे आकडे आहेत, भोसकण्यापासून बचाव, कापण्यापासून बचाव आणि ठोकण्यापासून बचाव. ह्या तीन आकड्यांमुळेच सगळा फरक पडतो.

कसा ते बघा. कड्यांचं चिलखत कापाकापीला उत्तम, धारदार तलवारीचा वार त्यावर जवळपास वाया जातो. पण वाराचा जोर कुठे जातो? तो कड्यांमधून थेट हाडात. आत जाड काही नसेल तर कातडी फाटणार नाही पण गळ्याखालचं हाड मोडेल. म्हणून आत गॅम्बेसन. आणि गॅम्बेसनला लोक फार हलक्यात घेतात, गेममध्ये तर नेहमीच, 'पॅडेड आर्मर' म्हणजे सुरुवातीची भंगार वस्तू, पाच मिनिटांत विकून टाकायची. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळचा एक हुकूम आहे ज्यात सैनिकांच्या जॅकला, म्हणजे अशाच जाड शिवलेल्या कोटाला, कापडाचे ३० थर, निदान २५ तरी, आणि वर सांबराच्या जातीच्या हरणाचं कातडं असावं असं सांगितलंय. पंचवीस थर! घरातली जुनी सुती चादर घडी घालून तितके थर करा आणि सुरीचं टोक त्यात घुसवायचा प्रयत्न करा, हात जपून, म्हणजे कळेल की हे गरिबाचं नुसतं कापड नव्हतं, स्वतंत्र चिलखतच होतं. ह्या गेममध्ये सुरुवातीलाच हेन्रीचं होतं नव्हतं ते सगळं जातं, मग पहिला जाड कोट मिळतो तेव्हा जो फरक जाणवतो तो मला फार आवडला, दांडक्याचा मार खाऊनही उभं राहता येतं.

आता कड्या. आपल्याकडे शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर म्युझियम आहे, शाळेच्या सहलीत सगळेच गेलेले असतात आणि मस्तानी महाल बघून बाहेर पडतात. परत जा आणि शस्त्रांच्या भागात थांबा. कड्यांचं कुठलंही जुनं चिलखत बघताना पूर्ण चिलखताकडे बघू नका, एक कडी शोधा. प्रत्येक कडी चार शेजारच्या कड्यांत ओवलेली असते. चांगल्या कामात कडीची दोन टोकं चपटी करून एकावर एक चढवलेली असतात, त्यात बारीक भोक पाडून इवलासा रिव्हेट बसवलेला असतो. एका अंगरख्यात अशा वीस-तीस हजार कड्या. मी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'ओरिजिनल डिझाइन' म्हणून एक चिलखत मागवलं होतं, त्याच्या कड्या नुसत्या वाकवून टोकाला टोक टेकवलेल्या, रिव्हेट नाहीच, दोन बोटांनी ओढलं की कडी उघडते, कट्यारीचं टोक तर सहज आरपार जाईल. भिंतीवर लावायला ठीक. पण हा फरक हातात घेतल्यावर कळला आणि मग गेममध्ये कॅमेरा जवळ नेऊन बघितलं की कड्या कशा काढल्यात. वॉरहॉर्सवाल्यांनी कड्यांचं वजन दाखवलंय, ते पट्ट्याखाली ओघळतं, काखेत गोळा होतं, मानेभोवतीची झालर खांद्यावर पसरते. बऱ्याच गेममध्ये कड्यांचं चिलखत म्हणजे अंगाला चिकटलेल्या करड्या टी-शर्टवर छापलेलं डिझाइन असतं, तसं इथे वाटत नाही.

पुढचा मुद्दा स्टडेड लेदरचा, कारण ह्याने माझं डोकं फार वर्षं खाल्लंय. चामड्याचं जाकीट आणि त्यावर ठोकलेली धातूची बटणं, हे प्रत्येक फँटसी गेममध्ये असतं, चोर लोक घालतात. असं चिलखत युद्धात सर्रास वापरल्याचा पुरावा नाही, आणि विचार केला तर उपयोगही नाही, बटणाच्या शेजारी वार बसला तर बटण काय करणार. हा घोळ बहुतेक जुन्या चित्रांवरून झाला. ब्रिगँडिन नावाचा प्रकार असतो, बाहेरून कापड किंवा चामडं आणि आतल्या बाजूला लोखंडाच्या छोट्या छोट्या पट्ट्या एकावर एक, त्या रिव्हेटने कापडाला ठोकलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला फक्त रिव्हेटची डोकी दिसतात, रांगेत. चित्र काढणाऱ्याने डोकी काढली, पट्ट्या राहिल्या, आणि गेमवाल्यांनी चित्र बघून जाकीट बनवलं. ब्रिगँडिनचाच आधीचा भाऊ म्हणजे मोठ्या पत्र्यांचा कोट. १३६१ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बीला लढाई झाली, तिथल्या सामूहिक कबरींत माणसं चिलखतासकट पुरलेली सापडली, म्हणून आपल्याला आज कळतं की आत पत्रे कसे रचलेले असायचे. किंगडम कममध्ये ब्रिगँडिन ब्रिगँडिनसारखं दिसतं, वजन पट्ट्यांचं आहे, चामड्याचं नाही. छोटी गोष्ट वाटेल पण मला ह्यासाठीच गेमचे पैसे वसूल वाटले.

पत्र्याच्या चिलखताबद्दल आपल्याकडे दोन समज फार पक्के. एक, ते घालून माणूस हलूच शकत नाही, पडला की कासवासारखा उताणा, घोड्यावर चढवायला यारी लागायची. साफ चूक. लढाईचं पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोचं, आणि ते वजन सगळ्या अंगावर वाटलेलं, पायाचं पायावर, हाताचं हातावर. राजगडाला वीस किलोची सॅक घेऊन चढलेल्याला कळेल की खांद्यावर लटकलेलं वजन वेगळं आणि अंगभर बांधलेलं वेगळं. त्याच काळातला फ्रेंच सरदार बुसिको चिलखत घालून कोलांट्या मारायचा, शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांनी वर चढायचा असं त्याच्या चरित्रात लिहिलेलं आहे. फार जड चिलखत असायचं ते नंतरच्या काळातल्या भाल्याच्या खेळांसाठी, युद्धासाठी नाही. दुसरा समज उलटा, तो गेम्सनी दिला, की चिलखत घालून दिवसभर धावता येतं. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून मोजलं, तर चालायला लागणारी शक्ती दुपटीहून थोडी जास्त आणि धावायला जवळपास दुप्पट निघाली. पायावरचं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं आणि छातीच्या पत्र्यामुळे श्वास खोल घेता येत नाही, छोटे छोटे श्वास घ्यावे लागतात. म्हणजे हलता येतं पण लवकर दम लागतो.

गेम ह्या दोन्हीच्या मध्ये बऱ्यापैकी बरोबर जागी उभा आहे. हेन्री पत्र्यात उडी मारतो, चढतो, पण वजन मोजलं जातं, आवाज मोजला जातो, रात्री चोरून कुठे घुसायचं तर पत्रा घालून जमतच नाही, खडखडाट होतो. व्हायझर, म्हणजे चेहऱ्यावरची झडप, असलेलं हेल्मेट घातलं की पडद्यावर दिसणारं जग फटीएवढं होतं, बाजूने कोण येतंय कळत नाही. पहिल्यांदा चीड येते, मग लक्षात येतं की म्हणूनच त्या काळच्या बोहेमियात केटल हॅट, म्हणजे रुंद कडेचं उघडं हेल्मेट, इतकं चालायचं. चेहरा उघडा पण श्वास घेता येतो, हुकूम ऐकू येतो, वरून येणारा बाण कडेवर घसरतो. चार-पाच जणांनी घेरलं की मी आता केटल हॅटच घालतो, एकास एक असेल तर व्हायझरवालं बॅसिनेट, म्हणजे टोकदार डोक्याचं हेल्मेट. कुठलं हेल्मेट 'बेस्ट' ह्याला एकच उत्तर नाही.

बॅसिनेटवरून आठवलं. कसब्यातल्या तांबट आळीत मी काही कामाने गेलो होतो, तिथे एका तांब्याच्या घंगाळाचं मठारकाम चाललेलं, हातोडीच्या ठोक्यांची रांग अशी की एकही ठोका दुसऱ्यावर नाही. काम करणाऱ्या काकांना मी मोबाइलवर बॅसिनेटचे फोटो दाखवले, टोकदार डोक्याचं, एकसंध. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि पहिलं विचारलं, "जोड कुठंय?" म्हटलं, "नाहीये काका, एका तुकड्यातून ठोकून काढायचे." ते म्हणाले, "मग वरचं टोक पातळ होणार की. खोल करत गेलं की बूड पातळ होतं, ते सांभाळणं हेच काम असतं. आणि मारलं की धातू कडक होतो, मग परत तापवायचा, नाहीतर चिरतो." मध्ययुगीन चिलखतकाराचा सगळा प्रश्न काकांनी अर्ध्या मिनिटात सांगितला. डोक्याचा वरचा आणि पुढचा भाग जिथे सगळ्यात जास्त मार बसणार तिथेच पत्रा जाड राहिला पाहिजे, बाजूला आणि मागे पातळ चालतो, वजन वाचतं. म्हणून जाड तुकड्यापासून सुरुवात करायची, तापव, ठोक, परत तापव. मिलान, न्युरेंबर्ग ह्या शहरांची नावं चिलखतासाठी युरोपभर झाली ती ह्या हातामुळे. गेममध्ये लोहारकाम फार छान केलंय, भट्टीत लोखंड लाल करायचं, ऐरणीवर ठोकायचं, पलटायचं, तलवार बनते, कुऱ्हाड बनते, घोड्याचे नाल बनतात, पण चिलखत बनवता येत नाही. बरेच जण ह्यावर नाराज आहेत, मला मात्र हे पटलं. लोहार वेगळा आणि चिलखतकार वेगळा, शहरात त्यांचे धंदे वेगळे, हात वेगळे, आणि गावातल्या लोहाराच्या पोराने बॅसिनेट ठोकलं असतं तर ते खोटं वाटलं असतं.

छातीच्या पत्र्याबद्दल एक बारीक गोष्ट. १४०३ म्हणजे पूर्ण चकाकतं पांढरं चिलखत, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत उघडा पत्रा, अजून यायचंय, ते पंधराव्या शतकात पुढे इटलीत पूर्ण रूपाला आलं. ह्या काळात छातीचा फुगीर पत्रा पुढून असतो, पाठीला बऱ्याचदा नुसते पट्टे. इटलीच्या उत्तरेला साउथ टायरॉलमध्ये चुरबुर्ग किल्ल्यात ह्याच सुमाराची खरी चिलखतं आजही आहेत, त्यांचे फोटो आणि गेममधले पत्रे शेजारी ठेवून बघा, तो गोलसर फुगवटा, कंबरेला बारीक होणारा आकार, ओळख लगेच पटते. मानेखाली आडवी धातूची पट्टीही काही पत्र्यांवर असते, ती शोभेची नाही. २०१९ मध्ये टॉड्स वर्कशॉप ह्या यूट्यूब चॅनलने जाडजूड लाँगबोने, म्हणजे माणसाएवढ्या लांब धनुष्याने, छातीच्या पत्र्यावर बाण मारून दाखवले, बाण पत्र्यातून गेले नाहीत पण फुटले आणि तुकडे पत्र्यावरून घसरत गळ्याकडे गेले. ती पट्टी त्यासाठी.

आता जिथे गेम कमी पडतो ते. तलवार. पत्रा घातलेल्या माणसाला तलवारीच्या धारेने कापता येत नाही, कितीही वेळा मारा. त्या काळातल्या लोकांनाही हे माहीत होतं म्हणून ते तलवार मधोमध हातमोज्याने पकडून टोक काखेत घुसवायचे, किंवा तलवार उलटी धरून मुठीने डोक्यावर हाणायचे, किंवा कुस्ती करून खाली पाडायचे आणि जाड टोकदार खंजीर फटीत. इटालियन वस्ताद फिओरे दे लिबेरीने साधारण १४१० च्या सुमारास ह्या सगळ्याची चित्रं काढून ठेवलीयेत, म्हणजे गेमच्या काळाला अगदी लागूनच. गेममध्ये गदा, हातोडे पत्र्यावर जास्त चालतात हे बरोबर दाखवलंय, पण तलवार चांगली असेल आणि तुमचा हात बसला असेल तर शेवटी पत्र्यातलाही गडी तलवारीच्या वारांनीच पडतो, जीव आकड्याआकड्याने कमी होत जातो. मोर्डहाऊ नावाचा २०१९ चा मल्टिप्लेअर गेम आहे, त्यात तलवार उलटी धरून मुठीने हाणता येते, म्हणजे हे गेममध्ये करणं अशक्य नाही. इतके अभ्यासू लोक आणि इथेच हात आखडता घेतला ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, घालणं आणि काढणं. पायाचं चिलखत आतल्या कोटाला नाड्यांनी बांधावं लागतं, हाताचं स्वतःच्या एका हाताने बांधताच येत नाही, मदतीला माणूस लागतो. इथे मेनू उघडला, क्लिक केलं, झालं. दुसऱ्या भागात तर तीन पोशाख तयार ठेवता येतात आणि एका बटणावर बदलता येतात. खेळताना सोयीचं आहे हे मान्य, दर वेळी नाड्या बांधत बसलं तर गेम पुढे सरकणार नाही, पण निदान लढाई सुरू असताना किंवा लोक समोर उभे असताना वेळ लागायला हवा होता. तसंच अंगाचं माप. मेलेल्या दरोडेखोराचं पायाचं चिलखत काढून घातलं की हेन्रीला अचूक बसतं. खरं चिलखत मापावर बनायचं, गुडघ्याची वाटी दोन बोटं खाली आली तर पाय वाकत नाही. कड्या आणि जाड कोट कोणाचेही कोणालाही चालायचे, पत्रा नाही. आणि जंगलातल्या साध्या दरोडेखोरांच्या अंगावर पुढे पुढे इतका पत्रा दिसायला लागतो की तो आला कुठून असा प्रश्न पडतो, तेवढा पैसा असता तर दरोडे कशाला घातले असते.

एक गोष्ट मात्र गेमने अशी केलीये जी इतिहासाच्या पुस्तकांतही कमी वाचायला मिळते, चिलखत हा पोशाखही होता. रक्ताने माखलेलं, मळलेलं, मोडकं चिलखत घालून गेलात की लोक तुमच्याशी वेगळं बोलतात, स्वच्छ आणि भारी पोशाखात गेलात की दार उघडतं. धुवावं लागतं, दुरुस्त करावं लागतं, कापडाला वेगळं सामान, पत्र्याला वेगळं. वरचा रंगीत कोट नुसता नटण्यासाठी नव्हता, तू कोणाचा माणूस हे लांबून कळायला हवं.

बाकीच्या गेम्सवर पटकन. स्कायरिम फँटसी आहे, त्याला इतिहासाचा हिशोब मागत नाही, पण शिंगांच्या टोपांमुळे व्हायकिंग तसेच होते असं समजणाऱ्यांसाठी, तो समज एकोणिसाव्या शतकातला, १८७६ च्या एका जर्मन ऑपेराच्या वेशभूषेने तो घट्ट केला. घोस्ट ऑफ त्सुशिमा दिसायला अप्रतिम, पण गोष्ट १२७४ ची आणि चिलखतं बरीचशी दोन-तीनशे वर्षं पुढची. एल्डन रिंग पूर्ण कल्पनेतलं, तरी पट्टे, बकल, सांधे इतके विचार करून काढलेत की घालता येईल असं वाटतं. आणि बायकांच्या चिलखताला छातीचे दोन वेगळे फुगे काढणाऱ्या सगळ्या गेम्सनी ते बंद करावं, दोन फुगवट्यांच्या मध्ये खळगा पडतो आणि भाल्याचं टोक घसरून बाहेर जायच्या ऐवजी बरोबर छातीच्या हाडावर येतं. पत्रा फुगीर का असतो तर वार बाहेर घसरावा म्हणून.

खेळताना सारखं मनात येत होतं ते आपल्या चिलखतांचं. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा, महाराजांच्या अंगरख्याच्या आत चिलखत आणि जिरेटोपाखाली पोलादी टोप, खानाचा वार चिलखताने अडवला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आता हाच प्रसंग किंगडम कमच्या पद्धतीने विचार करून बघा, बाहेरचा थर भेटीला आलेल्या माणसाचा, आतला थर लढाईचा, समोरच्याला फक्त बाहेरचा दिसतो. चिलखताचे थर असणं म्हणजे काय ह्याचं ह्याहून मोठं उदाहरण जगात कुठे सापडेल. आणि आपल्याकडे काय काय होतं! लोखंडाच्या आणि पितळेच्या कड्या मिळून नक्षी काढलेली गंगाजमनी चिलखतं, कड्यांवर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींना चार पत्रे बांधायचा चारआईना, कोपरापर्यंत झाकणारे दस्ताने, नाकासमोर पट्टी आणि मानेला कड्यांची झालर असलेले टोप, खिळे ठोकलेले जाड शिवलेले अंगरखे. आणि बहुसंख्य मावळे तर हलकेच असायचे, जाड सुती अंगरखा, ढाल, डोक्याला पागोटं, डोंगरात पळायचं तर तेच शहाणपणाचं. आपल्या इतिहासावर कोणी गेम बनवत असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, प्रत्येक मावळ्याला चमकणारा पत्रा आणि चामड्याचे पट्टे घालू नका, आधी म्युझियममध्ये जाऊन चार चिलखतं आतून बाहेरून बघा. चेक लोकांनी स्वतःच्या एका छोट्या मुलखाचं एकच वर्ष घेतलं आणि त्यावर इतकी मेहनत केली, कुटनबर्ग शहरात सेंट बार्बराचं चर्च अजून अर्धवट बांधलेलं दाखवलंय कारण १४०३ मध्ये ते तसंच होतं. रायगडाचं एक वर्ष घेऊन आपल्यालाही हे जमू शकतं.

घ्यायचा का? चिलखताची आवड असेल तर डोळे झाकून घ्या, पूर्ण किमतीला घ्यायची गरज नाही, सेल येत राहतात. पटापट मारामारी हवी असेल तर नका घेऊ, सुरुवातीचे बरेच तास नुसता मार खाण्यात जातात. नवीन सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन की पहिले ग्रोशेन (गेममधले पैसे) हातात आले की तलवारीवर घालवू नका, आधी जाड कोट आणि डोक्याला भरलेली टोपी व हेल्मेट, मग कड्या, पत्रा सगळ्यात शेवटी, आणि कंबरेला एक गदा कायम ठेवा. तीन पोशाखांतला एक गडद आणि बिनआवाजाचा रात्रीसाठी, एक चांगल्या घरात जायला, एक लढाईचा. एप्रिल २०२५ मध्ये हार्डकोर मोड, म्हणजे जास्त अवघड प्रकार, फुकट अपडेटमध्ये आलाय, पण तो दुसऱ्यांदा खेळताना लावा. कॉम्प्युटर जुना असेल तर २०१८ चा पहिला भाग घ्या, चिलखताचे थर त्यातही आहेत, व्हायझरची फटही आहे, आणि सेलमध्ये तो बराच स्वस्त मिळतो.